अण्णांचं गाऱ्हाणं

ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांसाठी देवापुढे तोंड उघडलं, त्याचंच तोंड देवाने बंद केलं, तेव्हा मी देवाशी अबोला धरला. खोटं कशाला सांगू? अशा वेळी लोक जास्त नामस्मरण करतात म्हणे. मी नाही केलं. दिवा लावत होते, कारण हाताला पन्नास वर्षांची सवय. पण दिवा लावून झाला की देव्हाऱ्याकडे पाठ करून भाजी निवडायला बसत होते. ही बाई रागावली आहे हे त्यालाही कळू दे, असा माझा बालिश हिशेब होता.

माझ्या यजमानांना सगळे अण्णा म्हणत, म्हणून मीही इथे अण्णाच म्हणते. श्रावणातल्या एका सकाळी ते अंघोळ करून आले, ओला पंचा दोरीवर टाकायला त्यांनी हात उचलला आणि तो अर्ध्यावरच थांबला. मी म्हटलं, "काय झालं हो?" तर त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ओठ हलवले, पण शब्द आला नाही. तोंडाची एक बाजू ओघळली होती. मुलाने टॅक्सी आणली, परळला एका मोठ्या रुग्णालयात नेलं, आणि पुढचे सतरा दिवस आम्ही तिथेच राहिलो. घरी आणलं तेव्हा पाय काठीच्या आधाराने चालू लागला होता, उजवा हात लुळा होता, आणि बोलणं मात्र गेलं ते गेलंच. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की यांना सगळं कळतं, ऐकू येतं, बुद्धी शाबूत आहे, पण शब्दांची वाट हरवली आहे. त्यातही माणसांची नावं परत यायला सगळ्यात कठीण. "हां" एवढंच ते म्हणू शकत. पाणी हवं असलं तरी "हां" आणि नको असलं तरी "हां". मला हाक मारायची झाली की बराच वेळ ओठांची चाळवाचाळव करत आणि मग त्यांचे डोळे भरून येत. गिरणीला टाळं लागलं त्या दिवशीसुद्धा मी या माणसाच्या डोळ्यांत पाणी पाहिलं नव्हतं.

नावं जायची तर ती नेमकी याच माणसाची जावीत, याचा मला जास्त संताप होता. तो का, ते कळायला अण्णा कोण होते ते सांगायला हवं. कुडाळच्या अलीकडचं त्यांचं गाव. सतराव्या वर्षी लालबागला मामाच्या खोलीत आले, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, लागले, आणि पुढे आमचं लग्न होऊन त्याच चाळीत आम्ही दहा बाय बाराचा संसार थाटला. गिरणी बंद पडल्यावर काही महिने वाईट गेले, त्याबद्दल ते कधी बोलत नसत. मग गिरगावात एका शाळेत शिपाई म्हणून चिकटले. घंटा देणं, खडू-डस्टर पोचवणं, डबा विसरलेल्या पोराला आपल्या डब्यातली अर्धी भाकरी देणं, अशी कामं. जून संपायच्या आत शाळेतल्या नव्या प्रत्येक मुलाचं नाव त्यांना पाठ असे, तेही बापाच्या नावासकट. निवृत्तीनंतर आम्ही दोघं कधी दादरला भाजी आणायला गेलो की एखादा टाय घातलेला गृहस्थ मध्येच थांबायचा आणि म्हणायचा, "अण्णा, ओळखलंत?" अण्णा त्याचं पूर्ण नाव सांगायचे, वर "चौथी ब, खिडकीकडचा बाक" असंही जोडायचे. त्या माणसाचा चेहरा असा काही उजळायचा की मला भाजीची घाई करायचा धीर होत नसे.

नवरा म्हणून ते कसे होते, हे एका गोष्टीत सांगते. सुहासच्या वेळी मला दिवस गेले होते आणि माशांचा वास सहन होत नव्हता. तेव्हा अण्णा म्हणाले, मी साफ करतो. ते जे बसले मोरीत बांगडे घेऊन, ते सेहेचाळीस वर्षं उठले नाहीत. माझी ओकारी कधीच थांबली होती, पण मीही बोलले नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. चाळीतल्या बायका मला चिडवायच्या, "तुझी मज्जा आहे गं." होतीच मज्जा. सुहास बारावीला नापास झाला तेव्हा शेजारीपाजारी त्याला काय काय ऐकवत होते. अण्णांनी एक शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवसापासून शाळेतून आले की त्याला घेऊन अभ्यासिकेत जायचे आणि स्वतः बाहेर पायरीवर बसून राहायचे. वर्षभर. पोरगा पळून जाऊ नये म्हणून बसतात असं मला वाटायचं. सुहास पुढे म्हणाला, "नाही गं आई, मी बाहेर आलो की कोणीतरी आहे एवढं मला दिसावं म्हणून बसायचे." आणि नात झाल्यावर तर विचारायला नको. सई शाळेत जायला लागली तेव्हा सत्तरीला टेकलेला हा गडी दोन वेण्या घालायला शिकला. पहिल्या आठवड्यात एक वेणी कानावर आणि एक मानेवर असायची, पण सईला आईने घातलेल्या वेण्या चालायच्या नाहीत.

आता गाऱ्हाण्याबद्दल. आमच्याकडे कोकणात देवाला नुसता नमस्कार करून भागत नाही. पूजा झाली की एका जाणत्या माणसाने नारळ हातात घेऊन उभं राहायचं आणि गावाच्या वतीने देवाला खणखणीत आवाजात साकडं घालायचं. प्रत्येक वाक्याला जमलेल्या सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं, "व्हय म्हाराजा!" याला गाऱ्हाणं घालणं म्हणतात. आमच्या चाळीत दर जानेवारीत सत्यनारायणाची पूजा व्हायची आणि गाऱ्हाणं घालायचे अण्णा. डोळे मिटून आधी गावच्या रवळनाथाला हाक मारायची, मग सत्यनारायणाला, आणि मग चाळीतल्या एकेका बिऱ्हाडाचं नाव. कागद नाही, चिठ्ठी नाही. कोणाच्या मुलीचं लग्न ठरायचं आहे, कोणाचं ऑपरेशन आहे, कोणाचा मुलगा परदेशात एकटा आहे, सगळं त्यांच्या ध्यानात. आणि नाजूक गोष्ट असली तर ती अशा आडपडद्याने देवाच्या कानावर घालायचे की ज्याची त्याला कळावी आणि शेजाऱ्याला कळू नये. लोक वर्षभर त्या एका नावाची वाट बघत.

आमच्या बिऱ्हाडाचं नाव मात्र त्यात कधीच नसायचं. मी एकदा कुरकुर केली, "जगासाठी मागता, घरासाठी काही मागाल की नाही?" तर म्हणाले, "आपला नाव कित्याक घेवचा? मी थंय उभो आसंय मा, तेका मी दिसतंय." आपलं नाव कशाला घ्यायचं, मी उभाच आहे ना तिथे, त्याला दिसतोय की मी. तेव्हा मला हे उत्तर फार आवडलं होतं. आजारपणानंतर तेच वाक्य मला टोचायला लागलं. चाळीस वर्षं हा माणूस तुझ्यासमोर उभा होता, तुला दिसत होता, आणि तरी तू याचा आवाज काढून घेतलास? असं मी देवाला मनात विचारलं, उत्तर आलं नाही, आणि मी पाठ फिरवली.

बोलण्याचा सराव करून घ्यायला दर सोमवारी आम्ही रुग्णालयात जात होतो. चौथ्या मजल्यावर एक गोड मुलगी होती, ती अण्णांना चित्रांची कार्डं दाखवायची. कप, सफरचंद, छत्री. "अण्णा, हे काय आहे?" "हां." घरी सूनबाईने तशीच कार्डं बनवली. आम्ही सगळे त्यांच्याशी अगदी सावकाश, शुद्ध, पुस्तकातल्यासारखं मराठी बोलायला लागलो, जणू त्यांना ते लवकर समजेल. ही आमची मोठी चूक होती, पण ती नंतर कळली. घरात मालवणी बोलणारी आम्ही दोघंच, आणि मीही सूनबाईच्या देखत मालवणी बोलणं हळूहळू सोडलंच होतं. ज्या भाषेत त्यांनी बापाचा मार खाल्ला, देवाला हाका मारल्या, माझ्याशी भांडले, ती भाषा आम्ही आजारपणात त्यांच्या कानावर पडूच दिली नाही. तीन महिने सफरचंद दाखवत बसलो.

कार्तिकातल्या एका सोमवारी रुग्णालयाची लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकली. आत चाकाच्या खुर्चीत अण्णा, मी, आणि खुर्ची ढकलणाऱ्या एक मावशी. चांगल्या धिप्पाड, कपाळावर ठसठशीत कुंकू. त्यांनी घंटेचं बटण दाबलं, बाहेरून कोणीतरी ओरडलं की मेकॅनिक येतोय. पाच मिनिटं झाली, पंखा बंद, माझा जीव घाबरा झाला आणि तोंडातून निघून गेलं, "आता काय करूचा गो बाय?" मावशी माझ्याकडे वळल्या. "अगे बाय माझे! तुमी आमच्याकडचे? खंयचे?" मी म्हटलं कुडाळ. त्या कणकवलीच्या निघाल्या. "मग कित्याक घाबरतास? हिका आता गाऱ्हाणाच घालूक व्हया!" असं म्हणून त्यांनी लिफ्टच्या दाराला हात जोडले आणि थट्टेने, पण अगदी पक्क्या ठेक्यात सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा! ही लिफ्ट दर सोमवारी रुसता, तिचो रुसवो काढ, आणि ह्या आज्याक वर ने रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मी म्हटलं नव्हतं. मावशींनी म्हटलं नव्हतं. मी खाली पाहिलं. अण्णा ताठ बसले होते, मान वर, आणि डोळे एकदम जागे. तीन महिन्यांत पहिला शब्द, तोही घोगरा नाही, अडखळत नाही, लालबागच्या चाळीत तीन मजले ऐकू जायचा तसाच. मी मावशींचा हात धरला आणि म्हटलं, "परत घाल. परत घाल गो." त्या बिचाऱ्या गोंधळल्या, पण त्यांनी परत घातलं. परत उत्तर आलं. तिसऱ्यांदा घातलं तेव्हा मी रडत होते आणि मावशी मला समजावत होत्या की लिफ्टला एवढं घाबरायचं नाही, ती काही खाली पडत नाही. लिफ्ट नंतर दहा मिनिटांनी सुरू झाली, मेकॅनिक आल्यावर. तिचं श्रेय मी देवाला देत नाही. पण त्या सोमवारी, त्या लिफ्टमध्ये, कणकवलीच्याच बाईच्या हाती ती खुर्ची कोणी दिली, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही. या मावशींचं नाव लक्ष्मी. त्या कुठे अंतर्धान वगैरे पावल्या नाहीत. पुढे आमच्या घरी कितीदा तरी जेवल्या, आणि मासे मी आळणी करते असं तोंडावर सांगून गेल्या.

चौथ्या मजल्यावरच्या मुलीला आम्ही हे सांगितलं तेव्हा तिने कार्डं बाजूला ठेवली. लहानपणापासून तोंडात बसलेलं, सुरात म्हटलेलं बोलणं कधीकधी वेगळ्या वाटेने परत येतं, असं ती म्हणाली. "आजी, तुम्ही रोज घरी तेच करा." म्हणजे गाऱ्हाणं मी घालायचं! बाईमाणसाने देवापुढे खरंखुरं गाऱ्हाणं घातलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं, आणि देवाशी तर माझं बोलणं बंद. पण नवऱ्याच्या औषधाला नाही कसं म्हणणार? संध्याकाळी दिवा लावून मी देव्हाऱ्यासमोर उभी राहिले, घसा खाकरला आणि रागारागानेच सुरू केलं. आज भाजीवाल्याने फसवलं रे म्हाराजा. सूनबाईची मिटिंग लांबली रे म्हाराजा. सईला सर्दी झाली रे म्हाराजा. मागे खुर्चीतून उत्तर यायचं, "व्हय म्हाराजा!" सई खिदळायची. महिनाभरात अण्णा सुरुवातीचं "बा देवा म्हाराजा" स्वतः म्हणायला लागले, मग ठरलेली दोन-चार वाक्यं. मात्र नावापाशी आले की गाडी थांबायची. "आमचो..." म्हणायचे आणि पुढे काही नाही. सईचंसुद्धा नाव नाही. मग हातातली काठी जमिनीवर आपटायचे. अबोला धरलेली मी रोज संध्याकाळी देवासमोर पाऊण तास बोलत होते, हे माझ्या तेव्हा ध्यानातही आलं नाही.

चाळ पाडल्यापासून आम्ही भाड्याच्या घरात राहत होतो. मधल्या काळात तिच्याऐवजी करी रोडला नवी इमारत उभी राहिली होती आणि त्या दिवाळीत आम्हाला तिथे चौदाव्या मजल्यावर घर मिळालं. जानेवारीत तिथली पहिली सत्यनारायणाची पूजा ठरली, तळमजल्याच्या हॉलमध्ये. चार दिवस आधी मोहन वर आला. चाळीतच वाढलेला, आता सोसायटीचा सेक्रेटरी. मला दारात गाठून हळूच म्हणाला, "काकू, यंदा गाऱ्हाणं नको ठेवूया. दुसऱ्याला उभं केलं तर अण्णांना वाईट वाटेल, आणि अण्णांना तर..." मला ते पटलं. भरल्या हॉलमध्ये हा माणूस नावापाशी अडकावा आणि लोकांनी माना खाली घालाव्यात, हे मला बघायचं नव्हतं. मी बरं म्हटलं आणि अण्णांना काही सांगितलं नाही. पूजेच्या दिवशी त्यांनी डाव्या हाताने कपाट उघडून पांढरा सदरा आणि टोपी काढून पलंगावर ठेवली, तेव्हा मला सगळं कळलं. आपल्याला उभं राहायचं आहे असं ते धरून चालले होते. तरीही मी त्यांना सदरा घालून दिला.

पूजा झाली, कथा झाली, आरती झाली. गुरुजी बाजूला झाले, मोहनने माइकवरून प्रसादासाठी रांग करा म्हणून सांगितलं. खुर्च्या सरकल्या. आणि माझ्या शेजारून आवाज आला, "बा देवा म्हाराजा!" अण्णा उभे होते. काठी खुर्चीला टेकवलेली, लुळा हात सुहासने चटकन सावरलेला. दोन-चार जुन्या माणसांनी दबकत "व्हय म्हाराजा" म्हटलं. अण्णांनी मान हलवली, पसंत नव्हतं ते. पुन्हा हाक मारली, "बा रवळनाथा, बा सत्यनारायणा! तुझ्या लेकरांनी आज पूजा केल्यानी हा, चुकला माकला पोटात घाल आणि गोड मानून घी रे म्हाराजा!" या वेळी अख्खा हॉल म्हणाला. मग ते नावांवर आले. "आमचो..." आणि थांबले. त्यांचा चेहरा लाल झाला, ओठ शोधायला लागले. त्यांना धरून खाली बसवायला मी उठले, समोरून मोहनही पुढे आला.

अण्णांनी डावा हात उचलला आणि सरळ मोहनकडे बोट दाखवलं. मोहन जागीच थांबला. बोट हलेना. मोहन माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे बघतेय, आणि पुढच्या रांगेतून आमची दहा वर्षांची सई ओरडली, "मोहनकाका, नाव सांगा ना तुमचं! आजोबांना नाव हवंय!" मोहन शाळेतल्या मुलासारखा हात जोडून म्हणाला, "मोहन. पाठदुखीने बेजार झालोय, अण्णा." आणि अण्णा गरजले, "ता बरा कर रे म्हाराजा!" हॉलमधून उत्तर आलं. बोट पुढच्या माणसाकडे गेलं.

त्यानंतर जे झालं ते मी जन्मात पाहिलं नव्हतं. रांग प्रसादाची लागायची होती, ती अण्णांपुढे लागली. प्रत्येकाने स्वतःचं नाव सांगायचं, मनातलं सांगायचं, अण्णांनी ते वर पोचवायचं. चाळीस वर्षं जे लोक आपलं नाव दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची वाट बघत होते, त्यांना पहिल्यांदा आपल्या तोंडाने मागावं लागलं. कोणी लाजलं, कोणाला नाव सांगून झाल्यावर पुढचं बोलता येईना. आमच्या जुन्या शेजारीण कमलताई, ज्यांच्या घरची गोष्ट अण्णा दर वर्षी आडून आडून सांगायचे, त्या उभ्या राहिल्या आणि स्पष्ट म्हणाल्या, "कमल. माझा मुलगा दारू सोडत नाही." हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी कधी बोललं नव्हतं. "ता बरा कर रे म्हाराजा!" त्या वेळचं "व्हय म्हाराजा" फार मायेचं होतं. दाराशी उभा असलेला वॉचमन, उत्तर प्रदेशातला, त्याच्याकडेही बोट गेलं. तो गडबडला, मग टोपी काढून म्हणाला, "रामसजीवन. गाँव में अम्मा बीमार हैं." त्याच्या अम्मेसाठी अख्ख्या करी रोडच्या इमारतीने मालवणीत होकार भरला. सईने स्वतःच उठून गणित सोपं कर म्हणून सांगितलं, तेव्हा सगळे हसले, अण्णासुद्धा.

शेवटी बोट माझ्याकडे आलं. मी नाव सांगितलं आणि म्हटलं, "माझं काही नाही, आटपा आता." बोट क्षणभर तिथेच राहिलं. मग तो हात वळला आणि अण्णांनी तो स्वतःच्या छातीवर ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा हा माणूस स्वतःचं गाऱ्हाणं घालायला उभा राहिला होता. "आमचो..." ते म्हणाले, आणि त्यांना स्वतःचंच नाव येईना. छातीवर हात थोपटत ते माझ्याकडे बघत राहिले.

आमच्या पिढीच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. लग्नात, बारशात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. मी पुढे झाले, त्यांच्या शेजारी उभी राहिले, देवाकडे तोंड केलं आणि मोठ्याने म्हणाले, "दत्ताराम! ह्येचा नाव दत्ताराम. ह्येनी तुझ्याकडे स्वतःसाठी कधी काय मागूक नाय. आज मी मागतंय. बोलूक येवंदे नायतर नको येवंदे, ती तुझी मर्जी, मी आता भांडूचंय नाय. पण ह्येका तुझ्या नजरेआड करू नको रे म्हाराजा!"

जे उत्तर आलं त्याने हॉलच्या काचा थरथरल्या असतील. त्यात सगळ्यांच्या वर एक आवाज होता, तो अण्णांचा. सुहास रडत होता, मोहनने माइक कुठेतरी खाली ठेवून दिला होता, आणि मी मात्र रडले नाही. मला इतकं हलकं वाटत होतं की काय सांगू. मी मागितलं होतं आणि मागतानाच सोडूनही दिलं होतं. बरा करच, असं मी म्हटलं नव्हतं. तुला हवं तसं कर, फक्त बघत राहा, एवढंच. पाच महिन्यांचा माझा अबोला त्या एका वाक्यात संपला, आणि भांडण हरल्याचं दुःख तर नाहीच, उलट मी काहीतरी मोठं जिंकून आले असं मला त्या दिवशी वाटलं, आजही वाटतं.

त्यानंतर अण्णा अडीच वर्षं जगले. बोलणं थोडं सुधारलं. "चहा", "बस", "उशीर" असे शब्द आले, एक दिवस अचानक "सई" आलं आणि आम्ही पेढे वाटले. माझं नाव काही आलं नाही. मला बोलवायला काठी होतीच. पुढच्या दोन्ही पूजांना गाऱ्हाणं त्यांनीच घातलं, बोट दाखवून. लोक आता तयारीने येत. ज्यांच्याशी लिफ्टमध्ये कोणी बोलत नसे, त्या नव्या बिऱ्हाडांची नावंसुद्धा त्या निमित्ताने सगळ्यांना पाठ झाली. कमलताईंच्या मुलाने दारू सोडली का, असं विचाराल तर मधूनमधून सोडतो आणि मधूनमधून घेतो. पण कमलताई आता लपवत नाहीत, आणि तो पिऊन आला की शेजारचे दोघं त्यांच्याकडे जाऊन बसतात.

गेल्या आषाढात, दुपारचं जेवण झाल्यावर, खिडकीपाशी खुर्चीत बसल्या बसल्या अण्णा गेले. कुणाला त्रास दिला नाही, स्वतःलाही झाला नसावा. चेहरा नुकताच डोळा लागल्यासारखा होता. तेराव्याला गिरगावच्या शाळेतले कितीतरी विद्यार्थी आले, केस पिकलेले, आणि प्रत्येकाने आत येताना आधी आपलं पूर्ण नाव सांगितलं. लक्ष्मीमावशी कोपऱ्यात बसून मुसमुसत होत्या.

मला दुःख आहे, नाही असं नाही. बाजारातून बांगडे आणले की अजून हात अडतो. पण माझ्या मनात त्याहून मोठी एक भरलेपणाची भावना आहे. इतका चांगला माणूस मला इतकी वर्षं मिळाला, आणि जाण्याआधी देवाने त्याला एकदा स्वतःसाठी मागायला उभं केलं, ते मागणं माझ्या तोंडून करवून घेतलं. शरण जाणं म्हणजे हरणं, मान टाकणं, असं मला वाटायचं. तसं नाही. आपल्या माणसाचं नाव मोठ्याने घ्यायचं, आणि मग ते देवाच्या हवाली करून मोकळं व्हायचं. हे मला अण्णांनी शिकवलं, एकही नाव घेता येत नसताना.

आता संध्याकाळी दिवा लावला की मी पाठ फिरवत नाही. हात जोडून एवढंच म्हणते, "दत्ताराम तुझ्याकडे आलाय. आता त्याला सगळी नावं आठवत असतील, एकेक करून सांगत बसेल. घाई करू नकोस, ऐकून घे."